माझा अंगठा आणि डॉ. भाविकाचं मशीन

३ जानेवारी १९९६, वाशी
लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी आणि हे जमिनीवर पेपर पसरून मटार सोलत होतो. माझा वेग बघून हे म्हणाले, कॉन्व्हेंटात हेच शिकवायचे वाटतं. आज त्याच अंगठ्याने ब्लाउजचं हूक लागेना. थंडी. दुसरं काय!

९ जानेवारी
हॉस्पिटल. डॉ. भाविका, पोरगेलीच. मनगटाशी करंट देते, थोडा थोडा वाढवते. अंगठ्याचा स्नायू पायरीपायरीने उडतो. त्यावरून तो हलवणारे नसेचे किती धागे शिल्लक, याचा अंदाज. मोटर युनिट म्हणतात. माझे नव्वद. अंदाज! किराणावालासुद्धा तोलून देतो.

१६ जानेवारी
एकशे तीस! आठवड्यात चाळीस वाढले. भाविका म्हणाली, आजी, वाढत नसतात, या पद्धतीत एवढा फरक पडतो. त्यात तुम्ही तेल चोळून आलात, मशीनची पट्टी चिकटेना. निलगिरी तेल लागू पडलं हे तिला कबूल करवत नाही. आणि आजी कोणाला म्हणते?

२ फेब्रुवारी
सूनबाई, नंदिनी, हल्ली बरण्यांची झाकणं सैल ठेवते. माझ्या स्वयंपाकघरावर डोळा आहे. लक्ष ठेवायचं.

१३ फेब्रुवारी
मशीनची परीक्षा घ्यायची म्हणून यांना बसवलं. दोनशे वीस! चहाचा कप उचलण्यापलीकडे या अंगठ्याने केलंय काय? मशीन पुरुषांच्या बाजूचं. हे म्हणाले, न वापरलेला माल, शाबूत राहणारच. हसले. मग परत येताना रिक्षात एक शब्द नाही. काहीतरी लपवतायत.

११ मार्च
नवी पद्धत. करंट न वाढवता नसेवरची जागा बदलत गेली. साठ. जुन्या पद्धतीने पंचेचाळीस. दोघींचं जमत नाही, म्हणजे दोन्ही खोट्या, असं मी सुनावलं. भाविका म्हणाली, आकडा चुकू शकतो मावशी, पण दोन्हीकडे उतरतोच आहे. एकदम मावशी! लाच देते आहे.

७ एप्रिल
डाव्या हाताने लिहिते. तोही लवकर दमतो. सवय नाही, एवढंच. उजवा बरा होईपर्यंत व्यवस्था अशी. शिलाई मशीन नंदिनीला. मोठी विळी बोनकोड्याहून कामाला येणाऱ्या पुतळाला. आरामखुर्ची यांना, पण तिच्यात बसून गप्प राहायचं नाही. फाउंटन पेन नात वैष्णवीला, आजच, हे वाक्य संपलं की. टोपण तिनेच लावावं.