घट्ट पिळलेले दोन स्क्रू

सर, काल रायफल क्लबातल्या एका मुलीने मला तुमचाच जुना प्रश्न विचारला. रायफलच्या लाकडी स्टॉकला बेडिंग केलं की तिचा नेम खरंच सुधारतो का? मी अर्धा तास बोललो. लाकूड दमट हवेत फुगतं, लोखंड त्यात दर गोळीला केसभर वेगळं बसतं, म्हणून मधल्या फटीत एपॉक्सी भरून त्याला एकच पक्की बैठक करून द्यायची, वगैरे. नीट केलं तर सुधारतो, म्हटलं. 'नीट' म्हणताना जीभ जरा अडखळली, ते तिला कळलं नसावं.

तुम्ही नेहमी वापरायचात त्या रायफलचं बेडिंग मी केलं, तो रविवार मला बारकाव्यांसकट आठवतो. क्लबाच्या मागच्या खोलीतलं ते डुगडुगणारं टेबल, त्याच्या एका पायाखाली मी घातलेली पुठ्ठ्याची घडी. मी आयटीआयची पायरी चढलेलो नाही. मानपाड्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून शिकलो, आणि शिकलेल्यांपेक्षा बारीक काम करतो हे समोरच्याला ऐकवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. चिकटू नये म्हणून लोखंडाला बूटपॉलिश चोपडलं, एपॉक्सी भरलं आणि दोन्ही स्क्रू ताकद लावून पिळले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "अरे, हलके ठेव. सुकेपर्यंत त्याला त्याच्या मनाने बसू दे." मी हसलो. "सर, तुम्ही गोळ्या मारा, फिटिंग माझ्यावर सोडा. ढिली ठेवायला ती काय खाट आहे?" तुम्हीही हसलात. "बरं बाबा, मिस्त्री तू."

आधी तुमच्या पाच गोळ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकल्या जायच्या. पुढच्या रविवारपासून त्या उभ्या रेषेत विखरायला लागल्या. तुम्ही गोळ्यांचा लॉट बदललात, चष्म्याचा नंबर तपासून आलात, चहा सोडलात. माझ्या बॅगेत केसभर हालचालही मोजणारा डायल गेज कायम असायचा. नळीला लावून एक स्क्रू ढिला केला असता, तर काट्याने सगळं सांगितलं असतं. मी लावला नाही. माझ्या कामाला काय लावायचा? दोन महिन्यांनी तुम्ही नेमबाजीच्या जाकिटाची घडी घातलीत. "रायफल तू बसवलीयस, म्हणजे तिथे प्रश्न नाही. उरलो मी. हात गेला रे माझा." आणि तुमचा हातमोजा मला दिलात. मी घेतला, सर.

तुम्ही यायचे थांबलात, मग मी गेज लावला. पुढचा स्क्रू सोडताच काटा पाव मिलिमीटर फिरला. दोन शतांशाच्या वर माझ्या वर्कशॉपमध्ये माल परत जातो. मी पिळून ठेवलं तसंच एपॉक्सी सुकलं होतं. लाकूड वाकून बसलं होतं आणि नळीला दर गोळीला ओढत होतं. सगळं खरवडून काढलं, पुन्हा भरलं, या वेळी तुम्ही सांगितलं तसं, हलक्या हाताने. वाळूच्या उशीवर टेकवून पाच गोळ्या मारल्या. पाचही शर्टाच्या बटणाखाली.

ते टार्गेटचं कार्ड खिशात घालून मी नौपाड्याला तुमच्याकडे आलेलो. तुम्ही स्वयंपाकघरात ताट घेऊन तांदूळ निवडताय. काकू म्हणतात, "बघ, तुझ्या सरांना नवी नोकरी लावलीय. एक खडा सुटत नाही हो यांच्या नजरेतून." मी तुमची बोटं बघतोय. चिमटीत खडा येतो, बाजूला पडतो, पुढचा येतो. कुठे थरथर नाही.

"काय म्हणते रायफल?"

"मस्त, सर."

"ऐकलंस?" तुम्ही काकूंना म्हणालात. "याचं काम म्हणजे काम."

कार्ड खिशातच राहिलं. दाखवलं असतं, तर पुढच्या रविवारी तुम्ही जाकीट घालून आला असतात. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही होतात. सहा वर्षांचे रविवार तुम्ही तांदूळ निवडलेत.

खरवडलेल्या एपॉक्सीचा एक तुकडा मी ठेवून दिलाय, नव्या मुलांना चूक दाखवायला. काल त्या मुलीने तो उलटसुलट करून बघितला. "असं कोणी केलेलं, काका? तुमच्या सरांनी?" भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याच्या खालीच आम्ही उभे होतो. मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे ती." नाही असं म्हणालो नाही.