आपला टीव्ही पुण्यात होता

प्रिय बाबा,

खरं तर ‘तीर्थरूप’ लिहायला हवं. पण त्या शब्दामागे साष्टांग नमस्कार येतो, आणि एकदा माणूस आडवा झाला की मनातलं बोलायचं राहून जातं. म्हणून ‘प्रिय’वरच भागवते. तुम्ही म्हणाला असतात, "आसू दे की मेधा, पोचलं म्हंजे झालं."

आज रविवार. दुपारी आपल्या काउंटीची, म्हणजे इथल्या आपल्या जिल्ह्याची, मॅच आहे. निनाद ईराला तिच्या प्रॅक्टिसहून आणायला गेलाय, पॅट यायला अजून अवकाश आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितेय. काल मी पॅटला एक गोष्ट सांगितली. जी तुम्हाला सांगायची ती आधी शेजाऱ्याला सांगून झाली, आता तुम्हाला सांगतेय, तेही तुम्ही नसताना. सुनेची अक्कल बघा.

बाबा, आपला टीव्ही पुण्यात होता.

म्हणजे तो इथे आयर्लंडला, डंडॉकमध्ये, आपल्या हॉलमध्येच होता, सोफ्यासमोर, तुम्ही रोज फडक्याने पुसायचात तिथेच. पण मी त्यात एक छोटं अ‍ॅप टाकून ठेवलं होतं, जे टीव्हीतर्फे सगळ्या जगाला सांगायचं की आम्ही पुण्यात आहोत. त्यामुळे भारतातलं क्रिकेट दिसायचं, मराठी मालिका दिसायच्या. पण त्याच कारणाने इथली आयरिश चॅनेल मात्र बंद. इथल्या मॅच दाखवायचे हक्क इथल्यापुरते असतात. पुण्यातल्या टीव्हीला ते कशाला दाखवतील? छपरावर अँटेना होती, तिच्यातून सगळं फुकट आलं असतं. पण घराला रंग देताना भिंतीवरची ती वायर वाईट दिसते म्हणून मीच कापायला लावली.

तुम्ही आलात तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात रिमोट तुमच्या हातात दिला होता. "बाबा, सगळं क्रिकेट आहे, कुठलीही मॅच बघा." सासूबाई गेल्यावर तुम्ही कोल्हापूरचं घर बंद करून आमच्याकडे आलात, तुमचं मन रमायला हवं, ही माझी काळजी खरी होती. पण तुम्हाला क्रिकेट आवडतं का, हे मी विचारलं नाही. रिटायर्ड पुरुष म्हणजे क्रिकेट, असं माझं पुणेरी गणित. तुम्ही मुकाट्याने बघायचात. दुसऱ्या डावात तुमची मान छातीवर यायची, आणि मी फोनवर माझ्या आईला सांगायचे, "बाबा अगदी रमलेत गं."

कोल्हापूरचा माणूस, जन्म पेठेतल्या फुटबॉलमध्ये गेलेला! निनादच्या लहानपणी तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन मॅच बघायला जायचात, हरल्यावर रात्री जेवायचा नाहीत, हे मी लग्नानंतर इतकी वर्षं ऐकत होते. ऐकत होते, पण जोडलं नाही.

आणि तुम्ही विचारलं होतंत. ते मला आता नको तितकं स्पष्ट आठवतं. तुम्ही ईराला प्रॅक्टिसला सोडायला जायला लागला होतात. एकदा परत आलात ते गाल लाल झालेले, आणि मला म्हणालात, "मेधा, आपल्या टीव्हीवर हितलं फुटबॉल लागत न्हाई व्हय?"

मी लगेच इंग्लंडच्या क्लबांचं लावून दिलं. तुम्ही म्हणालात, "हे न्हवं गं. ते हातानं बी खेळत्यात, पायानं बी. आपली ईरा खेळती ते. दांडीवरनं गेलं तर एक, जाळ्यात गेलं तर तीन."

मी शोधलं. पडद्यावर आलं, की हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. मला कारण माहीत होतं, बाबा. अ‍ॅप बंद करायचं, एवढंच काम होतं. पण ते बंद केलं की मालिकांचं लॉगिन जायचं, परत लावताना डोकं उठायचं, आणि त्या संध्याकाळी माझ्या मालिकेत लग्न होतं. हो, माझ्याच. क्रिकेट बाबांसाठी, असं मी सगळ्यांना सांगायचे. अ‍ॅप होतं माझ्या मालिकेसाठी.

तुम्हाला मी म्हटलं, "बाबा, ते आपल्यासाठी नाही. इथे सगळे नियम असतात, आपल्याला नाही बघता येत."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि फडकं घेऊन पडदा पुसलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

त्यानंतरच तुम्ही पॅटकडे जायला लागलात ना? समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या त्या आयरिश म्हाताऱ्याचं तुम्ही पहिल्याच आठवड्यात ‘पाटील’ करून टाकलं होतंत. रविवारी जेवण झालं की स्वेटर चढवायचात, स्वतः केलेल्या भडंगाचा डबा घ्यायचात आणि निघायचात. मी एकदा म्हटलंही, "बाबा, इथे लोकांकडे असं उठून जात नाहीत. आधी विचारावं लागतं." तुम्ही म्हणालात, "इचारलंय त्येला." मला वाटलं, दोन म्हातारे चहा पीत बसत असतील. मनातून थोडं बरंही वाटायचं, हॉल रिकामा मिळायचा.

तुम्ही नक्की काय विचारलं होतंत, ते मला तुमच्या अंत्यविधीनंतर कळलं.

पॅट घरी आला होता. इथल्या रिवाजाप्रमाणे सँडविचचं ताट घेऊन, काळा कोट घालून. ईराच्या क्लबमधले चार-पाच जण बरोबर होते. चहाचा कप हातात घेऊन त्याने सगळ्यांना सांगितलं, "पहिल्या दिवशी हा माणूस माझ्या दारात आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, मी बाहेरदेशचा आहे, माझ्याकडे व्हिसा आहे. तुमच्या घरी बसून ही मॅच बघितली तर ते कायद्यात बसतं का?"

सगळे हसले, मायेने हसले. मीही हसले, बाबा. तुम्हाला वाटलं होतं की परक्या माणसाला या देशाचा खेळ बघायची परवानगी नसते. असं तुम्हाला दुसऱ्या कोणी नव्हतं सांगितलं.

आणि मग पॅट माझ्याकडे हात करून सगळ्यांना म्हणाला, "मी विचारलं त्याला, तुला असं कोण म्हणालं? तर म्हणाला, माझी सून. फार सरळ आहे ती, नियमाबाहेर जात नाही. आणि बघा, या रस्त्यावर अर्ध्या घरांत डॉजी बॉक्स आहेत. सगळी पैशांची चॅनेल फुकटात, चोरून. एकच घर प्रामाणिक, ते हिचं."

क्लबच्या बायकांनी माझा दंड दाबला. मी काय केलं? मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

ऑफिसात मी दिवसभर काय करते, तुम्हाला माहीतच आहे. कार्ड एका देशाचं, कॉम्प्युटर दुसऱ्या देशात, असे व्यवहार हुडकून थांबवते. आपण कुठे बसलोय याबद्दल खोटं बोलणारी माणसं पकडण्याचा मला पगार मिळतो. आणि घरी आल्यावर पुण्यात बसते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. त्या दिवसानंतर पॅट दिसला की मी कचऱ्याचं बिन आत ओढायचं सोडून घरात पळायला लागले. तो मात्र प्रत्येकाला तेच सांगायचा. क्लबच्या मैदानावर मुलींनी तुमच्यासाठी मिनिटभर उभं राहून शांतता पाळली, तेव्हाही त्याने सांगितलं. माझ्या शेजारी उभी असलेली ईरा हळूच म्हणाली, "मम, बट अवर टेली इज इन पुणे." आपल्या पोरीला ठाऊक होतं. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. तुमच्यासाठीच्या शांततेत, बाबा.

मग तुमचं कपाट आवरायला घेतलं. ईरा त्याला ‘आजोबांची प्रेस’ म्हणते, इथली मुलं कपाटाला प्रेसच म्हणतात. स्वेटरांच्या खाली काउंटीची लाल जर्सी निघाली. धुतलेली, घडी घातलेली, कोपर घासलेलं. मी ती तुमच्या अंगावर कधीच पाहिली नव्हती. ईरा म्हणाली, "ही वोअर इट इनसाइड. स्वेटरच्या आत. यू वुड लाफ, म्हणून."

मी हसले असते का? हसले असते. फोटो काढून आईला पाठवला असता. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत, आणि तरी बाहेर माझं कौतुक करत होतात. का हो?

काल पॅट दारात आला. म्हणाला, उद्या मोठी मॅच आहे, तुम्ही सगळे माझ्याकडे या, त्याची खुर्ची मी हलवलेली नाही. आणि पुढे पुन्हा तेच, की तुमच्यासारख्या प्रामाणिक घराला... मला पुढचं ऐकवेना. मी त्याला आत घेतलं, बसवलं आणि सगळं सांगितलं. अ‍ॅप, पुणे, मालिका, कापलेली वायर. त्याने माझ्यासाठी ‘ग्रँड’ म्हणून विषय संपवावा, अशी माझी लबाड आशा होती. इथली माणसं भूकंप झाला तरी ‘ग्रँड’, म्हणजे सगळं छान, असंच म्हणतात.

तो तसं म्हणाला नाही. भडंगाच्या वाटीत बोट फिरवत राहिला. भडंग मी केलं होतं, मऊ पडलेलं, लसूण करपलेला. मग म्हणाला, "म्हणजे त्याला हे आपल्या घरी बघता आलं असतं."

मी म्हटलं, "हो."

"त्याला आवडलं असतं ते," तो म्हणाला. "तो मला नेहमी सांगायचा, तिकडे त्याच्या गावात घरातली सगळी मिळून बघतात. माझ्याकडे आम्ही दोघंच. काही मॅच पैसे भरून बघायच्या असतात, तेव्हा तर नुसता रेडिओ. मी टेबलावर मिठाची आणि मिरपुडीची डबी ठेवून त्याला दाखवायचो, बॉल कुठे आहे ते. त्याला तेही चालायचं. पण शेवट कधी त्याने बघितला नाही. तीन वाजले की उठायचाच."

तीन वाजता! दर रविवारी तीनला आपला भारतातला व्हिडिओ कॉल. माझ्या माहेरची सगळी जमलेली असतात, बाबा दिसलेच पाहिजेत, हा माझाच नियम. मी दारात उभी राहून मोठ्याने हाक मारायचे, "बाबा, कॉल!" आणि तुम्ही रस्ता ओलांडून यायचात, स्वेटर गळ्यापर्यंत ओढून घेत. मॅचची शेवटची दहा-पंधरा मिनिटं तिकडे चालू, आणि तुम्ही इथे माझ्या मावशीला पाऊसपाणी विचारताय.

मी पॅटला विचारलं, "मग निकाल कसा कळायचा त्यांना?"

"दोरीवर," तो म्हणाला. "जिंकलो तर मी माझी जर्सी मागच्या दोरीवर टांगायचो. तुमच्या वरच्या खिडकीतून दिसते. हरलो तर दोरी रिकामी."

बाबा, ती जर्सी मी बघितली होती. रविवारी संध्याकाळी, धो धो पावसात, एकटीच लटकलेली. मी तुम्हाला म्हटलंही होतं, "तुमचा पाटील चळलाय हो, पावसात कपडे वाळत घालतो." तुम्ही खिडकीपाशी गेलात, बराच वेळ बाहेर बघत राहिलात आणि म्हणालात, "लई भारी माणूस हाय." मग त्या दिवशी रात्री दुसरी भाकरी मागून घेतलीत. मला वाटलं, पिठलं जमलंय.

तुम्हाला एकदा तरी मला रागवावंसं वाटलं नाही का? "मेधा, मला शेवट बघायचाय, तुझा कॉल ऱ्हाऊ दे," एवढं म्हणाला असतात तर? सुनेच्या घरात राहतो, म्हणून मागायचं नाही, असं होतं का ते? तसं असेल तर माझ्या घराला घर तरी कशाला म्हणायचं?

आज सकाळी मी ते अ‍ॅप काढून टाकलं. नुसतं बंद नाही केलं, काढून टाकलं. मालिका गेली. पुढच्या आठवड्यात एक माणूस येऊन अँटेनाची वायर जोडणार आहे, ती भिंतीवरून दिसणार आहे आणि दिसू दे. माहेरी कळवलंय की रविवारी कॉल मॅच संपल्यावर. आई विचारत होती, कसली मॅच? तिलाही सांगायचंय सगळं, पण ते एका दमात होणार नाही.

पॅटला मी त्याच्याकडे येत नाही म्हटलं, त्यालाच इकडे बोलावलंय. तो तुमची खुर्ची घेऊन येतोय, रस्ता ओलांडून, डोक्यावर. खिडकीतून दिसतोय मला आत्ता. तो कोणाचं ऐकत नाही.

तर बाबा, एवढंच कबूल करते. यापुढे आपल्या घरात मॅच शेवटच्या शिट्टीपर्यंत बघितली जाईल. मला नियम कळत नाहीत, ईराला विचारीन. जिंकलो तर तुमची लाल जर्सी मी आपल्या दोरीवर टांगीन, पाऊस असला तरी. हरलो तर दोरी रिकामी ठेवीन. तुम्हाला बरं वाटावं म्हणून उगीच टांगणार नाही. या घरातून तुम्हाला पुन्हा खोटं कळायचं नाही.

तुमची सून,
मेधा
डंडॉक