दातांमधली फट

सोमवार, ता. ३
आले बाई एकदाची मुलाकडे! मी चौथी शिकलेली, रोजनिशी कसली लिहिणार? पण नातीने वही हातात दिली. म्हणते, आजी, तुझी बडबड यात लिही, आमचे कान वाचतील. चोंबडी! खोली छान आहे, खिडकीतून ऊन येतं. सुनेची आई याच पलंगावर गेली, तीन महिने झाले. मी म्हटलं, असू दे, पलंगाला काय ठाऊक? सून तेव्हापासून मुकी झालीय, जेवतसुद्धा नाही धड. मुलगा म्हणाला, तू आलीस की घर बोलायला लागेल. बोलण्यात मला कोण हरवणार!

शुक्रवार, ता. ७
दुपारची डुलकी काढून उठले की जबडा दगड. कानशिलं ठणकतात, घास चावताना कळ येते. गालाला आतून चावल्याची रेघ. नात म्हणते, आजी, तू झोपेत जात्यासारखी करकर वाजतेस. हसून हसून पुरेवाट झाली.

सोमवार, ता. १०
दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरसवदा आहे, पण हात हलका. दातांची टोकं झिजून सपाट झालीत, एकाला तडा गेलाय म्हणाली. झोपेत दात आवळता. जागेपणी ओठ मिटा पण दात सुटे ठेवा, जबडा शेका, संध्याकाळी चहा नको (हे मी ऐकलंच नाही!). दातांचा साचा घेतला, झोपताना दातांवर बसवायची रबरासारखी पट्टी मिळणार. झोपेतला आवाज मोबाइलवर घेऊन ठेवा, हेही सांगितलं. मुलगा सगळं लिहून घेत होता. लेकरू असावं तर असं.

शनिवार, ता. १५
पट्टी लावून दोन दुपारी झोपले, दुखणं निम्मं! जरा जाड आहे. डॉक्टरीणबाई म्हणाली, तुमच्या मुलानेच जाड करायला लावली, दाताला दात लागताच कामा नये म्हणून. किती तो जीव! आणि सून आज हसली, दोनदा वाढून घेतलं. माझा घसा मात्र बसलाय. झोपून उठल्यावर घसा बसतो का कधी?

सोमवार, ता. १७
नातीने मोबाइलवरचा आवाज ऐकवला. करकर नाहीच. सुनेचा आवाज आला, मम्मी, ये ना, आता फट आहे. मग कुणी बाई बोलली, लाडात, ठसक्यात. नात म्हणाली, ही तर आईची आई! मधेच खोकला आला. तो माझा. माझ्याच तोंडातून ती —
मोबाइलमध्येच पुढे मुलाने तिला विचारलं, माझ्या आईला काही होणार नाही ना? ती म्हणाली, रोज थोडी कमी होईल. तिला सांगू नका, दात आवळेल.
माझा मुलगा बरं म्हणाला. नुसतं बरं.

मंगळवार
विचारलं त्याला. रडला. म्हणाला, बायको माझी मरत होती गं, आता जेवते. तू नाहीतरी झोपलेलीच असतेस.
नाहीतरी! नऊ महिने वाहिलं याला.
माझे दात शहाणे. ते दाराची कडी होते. मीच हसत हसत काढून दिली.

बुधवार
पट्टी खिडकीतून फेकली. मुलाला म्हटलं, मला गावी परत पोचव. रविवारी, म्हणतो. झोपायचं नाही. चहावर चहा.

गुरुवार
जागी आहे. तरी नातीला भलत्याच नावाने हाक मारली. सून धावत आली, डोळे भरलेले. ते तिचंच लहानपणचं नाव होतं म्हणे. मला कुणी सांगितलं —
स्वतःचं गाव आठवेना.

शुक्रवार
दात गच्च. हात तेवढा लिहितो. मुलगा शेजारी बसलाय. म्हणतो, आई, सोड. आई, ऐक ना —
नाही.
दोन बोटं गालांवर ठेवलीत. लहानपणी औषध घ्यायचा नाही, तेव्हा मी अशीच दाबायचे, मग तोंड आपोआप — विसरला नाही मेला —
नको रे, दुखतं — राजा, मी तुझी —