अडलेल्या कागदाचा दुसरा भाग

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशीलच. मंडळाची अध्यक्ष झाल्यापासून तुला आजारी पडायलाही सवड नसेल. इकडे सगळं ठीक. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता काठी टेकत घरभर फिरतात आणि मी कोणती वस्तू चुकीच्या जागी ठेवली आहे ते सांगतात. लेकीला नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात ती वरिष्ठांशी भांडून आली, त्यामुळे ती कोणावर गेली आहे यावरून आमच्याकडे आता वाद होत नाही.

खरं तर तुझ्या अभिनंदनाचं पत्र महिनाभर लांबलंय आणि आज तेच लिहायला बसले होते. पण सकाळी कोर्टात एक प्रकार घडला. तो आधी सांगते, म्हणजे तू म्हणशील की छापखान्याने घोळ घातला, आणि मी मोकळी होईन.

माझ्यासमोर आश्रय मागणारी एक बाई होती. पस्तिशीची, शिवणकाम करणारी. तिच्या देशात तिला आणि तिच्या भावाला तुरुंगात टाकलं होतं. सात महिने. भाऊ आतच गेला. तिथे काय काय केलं ते ती सांगत होती आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसत होती. मोठ्याने नाही. पाहुण्यांना चहात साखर कमी पडली तर आपण ओशाळून हसतो ना, तसं. बिचाऱ्या दुभाष्याला कळेना की हसण्याचाही अनुवाद करायचा का.

तेवढ्यात सरकारी वकील उठले. हातात आपल्या मंडळाची पुस्तिका. हिरव्या कव्हरची, तुझी प्रस्तावना असलेली, मागे आपल्या सगळ्यांची नावं असलेली. "पान एकेचाळीस," म्हणाले, आणि वाचायला लागले. 'हा माणूस मार खाल्ल्याचं हसत हसत सांगतो. ज्याच्यावर खरंच बेतलं आहे तो असं सांगू शकेल, यावर माझा विश्वास बसत नाही.' खाली लिहिलंय, एका अनुभवी न्यायाधीशाचं निरीक्षण. शीर्षक, संशयाच्या खुणा.

ताई, ती अनुभवी न्यायाधीश म्हणजे मी.

आठ वर्षांपूर्वी मी मंडळाला पाठवलेला तो माझा 'अडलेला कागद' होता. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या त्या माणसाचा. अकरा देशांतल्या आपण न्यायाधीशांनी मिळून हे मंडळ काढलं ते कशासाठी? कुठे परक्या माणसाच्या खऱ्याखोट्यापाशी अडलो, तर नाव, गाव, देश सगळं काढून बाकीच्यांना मोकळेपणाने लिहावं आणि त्यांना काय वाटतं ते विचारावं. आणि निकाल दिल्यावर दुसरा भाग लिहावा, की काय उलगडलं आणि आपण कुठे चुकत होतो. दुसरा भाग जोडल्याशिवाय पहिला भाग मंडळाबाहेर न्यायचा नाही, हा नियम तू केलास. मंडळात मी तेव्हा नवी होते, मला तो जरा जाचक वाटला होता.

माझ्या कागदाला दुसरा भाग होता. तो पान एकेचाळीसवर नाही, बेचाळीसवरही नाही. सरकारी वकील चहाला गेल्यावर त्यांचीच प्रत घेऊन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधला.

मी काम आठ एप्रिलपर्यंत पुढे ढकललंय. छापताना एखादं पान गळलं असेल, नाही का? लवकर कळव. पानांची चूक असेल तर एक दुरुस्तीपत्रक सगळ्या देशांना पाठवून देऊ, त्यात काही जड नाही.

तुझी धाकटी


बुधवार, २७ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन पानी, नेहमीच्या वळणदार अक्षरातलं. अर्धं वाचून होईपर्यंत मला खरंच वाटत होतं की पुढच्या ओळीत तू चूक झाली म्हणशील.

तू म्हणतेस, पान गळलं नाही, तू काढलंस. पुस्तिका जी सरकारी खाती वापरणार त्यांना ठोस खुणा हव्या होत्या. 'कधी असं, कधी तसं' लिहिलं की ती खाती हात झटकतात आणि मंडळाचं म्हणणं कुणी उघडूनही बघत नाही. म्हणून जिथे जिथे दुसरा भाग पहिल्याला खोडत होता तिथे तू फक्त पहिला ठेवलास. मंडळाचा जम बसला की पुढच्या आवृत्तीत सगळं घालू. ही मखलाशी तुला शोभत नाही. एखाद्या वकिलाने माझ्यापुढे केली असती तर मी त्याला खाली बसवलं असतं.

दुसऱ्या भागात काय होतं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी अडले होते तेव्हा दहा जणांची उत्तरं आली. नऊ जणांनी सल्ला दिला, तू एकटीने प्रश्न पाठवलास. 'त्याला विचार, तिथे रडणाऱ्याचं काय व्हायचं.' मी विचारलं. तो माणूस म्हणाला, रडला की पहारेकरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. हसेपर्यंत थांबायचे नाहीत. म्हणून सगळे हसायला शिकले, आणि सुटल्यावरही ते सुटलं नाही. ज्या गोष्टीमुळे मी त्याला खोटा समजत होते तीच त्याच्या खरेपणाची खूण होती. त्याला मी आश्रय दिला तो तुझ्या एका ओळीवर. तेव्हापासून मी तुला ताई म्हणायला लागले.

आणि ही शिवणकाम करणारी बाई त्याच तुरुंगातून आली आहे. इमारतही तीच.

गेल्या आठवड्यात मी आपल्या चष्मेवाल्याला फोन केला. मंडळातला सगळ्यात तरुण, माझ्या त्या कागदानंतर आलेला; त्या तुरुंगातून पळालेले लोक सगळ्यात जास्त त्याच्याच देशात जातात. फोन उचलताच म्हणाला, "तुमचं पान मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. फार उपयोगी पडतं." किती अर्जांत उपयोगी पडलं ते विचारलं. चौदा. चौदाही अर्ज नाकारले, त्यातल्या नऊ जणांना परत पाठवूनही झालं. मी दुसरा भाग त्याला फोनवर वाचून दाखवला. त्याने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं का नाही?" तुझ्याकडे उत्तर असेल तर त्याला कळव, तो वाट बघतोय.

तू सुचवतेस की मी गाजावाजा न करता पान एकेचाळीसकडे दुर्लक्ष करावं आणि या बाईला आश्रय देऊन मोकळं व्हावं. 'तुझं कोर्ट, तुझा निकाल, कोण विचारतंय?' हे तू लिहितेस यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मला तसं करता येईल, आणि ही बाई वाचेल. पण पुस्तिका तशीच राहील आणि पुढचा माणूस चष्मेवाल्यासमोर उभा राहील. उलट ते वाक्य माझं आहे असं मी सांगितलं तर मीच साक्षीदार होते, मग हे काम माझ्यापुढे चालूच शकत नाही. ते शेजारच्या दालनात जाईल. तिथे आमच्याकडचं 'कुलूप' बसतं. त्यांना हे नाव वकिलांनी दिलंय, आणि त्यांच्याकडून आश्रय मिळालेली माणसं एका बाकावर मावतील. म्हणजे मी खरं बोलायचं आणि त्याची किंमत हिने द्यायची. हा पेच तू माझ्यापुढे आणून ठेवलास, आणि त्यावर तुझं म्हणणं काय, तर फार मनाला लावून घेऊ नकोस.

मनाला लागलंय. घरात मी कुणाशी धड बोलत नाही. हे विचारतात काय झालं, मी म्हणते डोकं दुखतंय. तुझ्याबद्दल यांच्यापुढे वाईट बोलायला जीभ रेटत नाही, इतकी वर्षं मी त्यांना तुझंच कौतुक ऐकवलंय.

पत्राच्या शेवटी तू छपाईआधीच्या प्रतीचं जे लिहिलंस, त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

धाकटी


मंगळवार, ९ एप्रिल

ताई,

काल सुनावणी झाली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

सकाळी दालनात जाईपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. यांनी डबा दिला, मी तो घरीच विसरले. निकालाची दोन टिपणं फायलीत होती, एक आश्रय देण्याचं आणि एक बाजूला होण्याचं. पहिलं जास्त चांगलं लिहिलं गेलं होतं.

सरकारी वकिलांनी काल नवा मुद्दा काढला. बाई इथे पहिल्यांदा आली तेव्हाच्या जबाबात तुरुंगवास सात आठवडे आहे, आता सात महिने म्हणते. जबाबावर तिची सही आहे. मी तिला विचारलं, "सही करण्याआधी तुम्हाला वाचून दाखवलं होतं का?" ती म्हणाली, "वाचायला दिलं होतं. मी वाचलं नाही." मी विचारलं, का. ती म्हणाली, "लिहून घेणारा माझ्या गावचा होता. तो म्हणाला, सगळं तुझ्या मनासारखं लिहिलंय."

आणि ताई, मी सवयीने बोलून गेले. हे वाक्य मी वीस वर्षं बोलत आलेय. "सज्ञान माणसाची सही म्हणजे त्याची जबाबदारी असते." यावर मी अर्ज नाकारलेले आहेत. एकदोन नाही, पुष्कळ. लघुलेखिकेला तर ते वाक्य इतकं पाठ आहे की मी अर्ध्यात असतानाच तिचं लिहून झालेलं असतं.

ती बाई मान खाली घालून हसली, आणि मला माझीच एक सही आठवली.

आता प्रतीबद्दल लिहिते. तू पाठवली होतीस. छपाईच्या दोन महिने आधी, सोबत संमतीचा कागद. ती टेबलावर चार दिवस पडून होती. पान एकेचाळीस त्यात होतं, जसं छापलं अगदी तसंच. मी उघडलं असतं तर मला एका मिनिटात दिसलं असतं. पण पाकिटावर तुझं अक्षर होतं. मी कागद काढला, सही केली आणि परत पाठवला. वर गंमत म्हणून लिहिलं, 'तुझ्यावर डोळे झाकून.' तो कागद तुझ्याकडे आहेच. तू गेल्या पत्रात त्याची आठवण करून दिलीस तेव्हा मला तुझा जितका राग आला तितका त्या पानाचाही आला नव्हता, कारण तू म्हणत होतीस ते खरं होतं.

मी दोन्ही टिपणं मिटली आणि तोंडानेच बोलले. पान एकेचाळीसवरचं वाक्य माझं आहे, ते अर्धं आहे, उरलेलं असं आहे. सगळं सांगितलं. मग सांगितलं की यामुळे मला या कामातून बाजूला व्हावं लागेल. सरकारी वकील उभेच राहिले होते, त्यांना कुणी बसा म्हणेना. अर्जदाराच्या वकीलबाई तर माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला.

दुभाष्याने सगळं त्या बाईला समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं. तिचं काम आता दुसऱ्याकडे जाणार, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार, हे तिला कळलं होतं. तरी तिने दुभाष्याला हळूच काहीतरी विचारलं. तो सांगायला तयार होईना. मी म्हटलं, सांगा. तो म्हणाला, "त्या विचारतात, छापण्याआधी बाईंना वाचायला दिलं नव्हतं का?"

टोमणा नव्हता गं. तिला वाटलं माझ्यावरही अन्याय झाला, म्हणून आपुलकीने विचारत होती.

मी म्हटलं, "दिलं होतं. मी न वाचता सही केली." लघुलेखिकेचे हात थांबले. मी म्हटलं, हेही लिहा. बाईने पुन्हा विचारलं, का. मी म्हटलं, "पाठवणारी माझी ताई होती." तिने मान डोलावली. या खोलीत इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी इतक्या पटकन विश्वास ठेवला नव्हता.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "म्हणजे आता तू उलट्या बाजूच्या खुर्चीत." मग स्वतःच उठून चहा केला, काठी न घेता.

हे उघड केलं तर मंडळ मोडेल असं तू पत्रात म्हणाली होतीस, ते खरं ठरणार. आजच दोघांनी कळवलं की यापुढे अडलेला कागद पाठवणार नाहीत, कोण कधी वाक्य तोडून छापेल याचा नेम नाही. मला त्याचं वाईट वाटतं. अडलो की विचारायला आता कुणी नाही. मला तर विचारायची सवय फक्त तुलाच होती. चष्मेवाल्याने त्याच्याकडे उरलेल्या पाच जणांना थांबवून ठेवलंय. नऊ जणांची चौकशी तो करतोय. अजून एकाचाही पत्ता लागलेला नाही.

माझं शपथपत्र उद्या अकराही देशांना जाईल. त्यात तुझं नाव आहे. दुसरा भाग तू समजून उमजून काढलास हे मी लिहिलंय. रडणाऱ्याचं काय व्हायचं हे विचारायला मला तूच सांगितलंस, आणि त्यामुळे एक माणूस वाचला, हेही लिहिलंय. आधी फक्त पहिलं वाक्य लिहिलं होतं. रागात तेच पुरेसं वाटत होतं. मग दुसरं घातलं, ते काढलं, पुन्हा घातलं. आता दोन्ही आहेत, आणि कुणी एकच वाचायला मागितलं तर मी देणार नाही.

कुलुपापुढे या बाईची सुनावणी सतरा तारखेला सकाळी साडेदहाला आहे. मला साक्षीला बोलावलंय. पान तू काढलंस हे तुझ्या तोंडून आलं तर तिला आश्रय मिळण्याची आशा आहे. नुसत्या माझ्या तोंडून आलं तर कुलूप म्हणेल, जी बाई न वाचता सही करते तिच्या शब्दाला काय धरायचं, आणि ते बरोबरच असेल.

उत्तर पाठवू नकोस. यायचं असेल तर ये. मी बाहेरच्या बाकावर असेन, तिच्या शेजारी.

अजून तरी तुझीच,
धाकटी