मुंगीची टोपी

३ मार्च
उद्या धाकटी दवाखान्यातून इकडे माहेरी येणार. बाळ नाही. पूर्ण दिवसांची मुलगी, पण रडलीच नाही.
आईचा हुकूम – ती यायच्या आत सगळं गायब करा. झबली, दुपटी, पिवळी लोकरीची टोपी – सगळं मी एका बॅगेत भरलं. आईने बॅग मावशीकडे धाडली. डोळ्यांसमोर नको.

५ मार्च
भेटायला येणाऱ्यांची रांग! मी दारावर. शेजारचे रिटायर हेडमास्तर सुरू झाले, अजून वय आहे, दुसरं होईल – मी म्हटलं, घरात कांजिण्या आल्यात. जिन्यावरूनच उलटे फिरले. आत्तापर्यंत कांजिण्या, गालगुंड, खरूज. आई म्हणते, अशाने फवारणीवाले येतील.

६ मार्च
धाकटी दिवसभर रिकाम्या कपाटापुढे. तिच्या नवऱ्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, कपडे का नेलेत? ती होती हे सांगायला आमच्याकडे तेवढंच होतं."
मी मोठी शहाणी! एका शब्दाने विचारलं नव्हतं.

७ मार्च
चोरी केली! बॅग मागितली असती तर मावशीने आधी आईला फोन लावला असता. म्हणून ठरलं – मी रडून मावशीला गुंतवायचं, तेवढ्यात धाकटीच्या नवऱ्याने बॅग काढायची. रुमाल डोळ्यांना लावला, मावशीने पाठीवरून हात फिरवला, आणि मी खरीच रडायला लागले. थांबता येईना. तो बिचारा बॅग घेऊन अर्धा तास खाली उभा.

८ मार्च
धाकटीने एकेक झबलं उलगडलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. मग म्हणाली, "मुंगीची बोटं तुझ्यासारखी होती. लांब."
पोटात होती तेव्हापासूनचं नाव – मुंगी. मी विचारत गेले – नाक? केस? ती सांगत गेली. आई दारात होती, कधी गेली कळलं नाही.
टोपी मात्र सापडेना. धाकटीने तीनदा बॅग उपसली. बोलणी मला – वेंधळी कुठली! भरताना कुठे टाकलीस?
टाकली नव्हती. मीच ठेवली होती, सगळ्यात वर.

९ मार्च
दोघी आईच्या पलंगावरची चादर बदलत होतो. उशी उचलली. खाली टोपी.
धाकटीने टोपीवरून एकदा बोट फिरवलं. मग उशी अलगद होती तशी ठेवली. चादर जुनीच राहिली.
"ताई, टोपी हरवली. तूच हरवलीस. कळलं?"