भोपळ्यानंतर माणूस

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष घालायला गेलो तर उजवी मांडी ठणकते, त्याचं कारण पुढे येईल). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला उतरला का, की अजून खोकत खोकतच सल्ले देणं चालू आहे? इथे सगळं क्षेम. निदान तुझ्या भावजयीचं तरी आहे. ती हल्ली माझ्याकडे बघून दिवसातून दोनदा हसते, आणि हसणं प्रकृतीला चांगलं असतं म्हणतात.

मी टॅटू काढायला शिकतोय हे तुझ्या चिरंजीवांनी सांगितलंच असेल. (मामाला वेड लागलं असं सांगितलं असेल, तर त्यात फार दुरुस्ती करू नकोस.) तुला ठाऊकच आहे, आयुष्यभर मी शाळेच्या पुस्तकांतली चित्रं काढली. बेडकाचं पोट, फुलाचा उभा छेद, माणसाचा कान. प्रत्येक अवयवापासून एक सरळ रेघ बाहेर काढायची आणि टोकाला नाव लिहायचं. स्वाध्यायात नाव गाळून नुसती रेघ ठेवायची, म्हणजे ते पोरांनी भरायचं. दोन पिढ्यांनी माझ्या बेडकाला मिश्या काढल्या, एवढी माझी कीर्ती. मग प्रकाशकांना चित्रं यंत्राकडून मिळू लागली आणि मी घरात बसून भिंतीकडे बघायला लागलो. इतका, की शेवटी तुझ्या भावजयीने भिंतीची बाजू घेतली. म्हणाली, "तिला तरी मोकळं सोडा, तिने काय केलंय?" मी तिरीमिरीत बाहेर पडलो, तर कोपऱ्यावरच्या टॅटूच्या दुकानावर 'शिकाऊ हवा' अशी पाटी. पाटीवर वयाची अट नव्हती. ती त्यांची चूक.

माझी गुरू माझ्या निम्म्या वयाची आहे. तिच्या एका कानाला आपल्या पिठाच्या चाळणीपेक्षा जास्त भोकं असतील. मला 'काका' म्हणते आणि मुख्याध्यापकासारखी झापते. सुरुवातीला माझ्याकडे फरशी पुसणं, खुर्चीला प्लास्टिक गुंडाळणं आणि शाईच्या इवल्या वाट्या मांडणं एवढंच होतं. (घरी मी पाण्याचा तांब्या उचलत नाही, हे इथे कुणाला माहीत नाही. तूही कळवू नकोस.) मग एकदा एका गिऱ्हाइकाला दंडावर हृदय हवं होतं आणि गुरूने नमुना माझ्याकडून काढून घ्यायचं ठरवलं. मी जीव ओतला, ताई. चारही कप्पे, झडपा, महारोहिणी, आणि सवयीने बाहेर काढलेल्या नऊ रेघा. गिऱ्हाईक रेघा मोजू लागलं. गुरू शांतपणे म्हणाली, "काका, त्याला प्रेम झालंय, झटका नाही आलेला."

त्यानंतर मला भोपळ्यावर बसवलं. भोपळ्याची साल माणसासारखी गोल फिरते, तिच्यावर सुई स्थिर ठेवायला हात शिकतो. घरी भोपळे येऊ लागले तेव्हा तुझी भावजय विचारायची, हा पोटासाठी आहे की शिक्षणासाठी? भोपळ्यानंतर स्वतःची मांडी. तिच्यावर मी एक चिमणी काढली, अगदी सुबक. फक्त मी बसून, वरून बघत काढली, त्यामुळे मला ती सरळ दिसते आणि बाकीच्या जगाला पाय वर करून लटकलेली. घरात तिचं नाव 'वटवाघूळ' पडलं आहे.

आता मुद्द्याचं. कागद कधी श्वास घेत नाही, ताई. माणूस घेतो, आणि रेघ त्या श्वासाबरोबर ओढावी लागते. सुई वरवर राहिली तर रंग उडून जातो, खोल गेली तर पसरतो. हे भोपळ्यावर कळत नाही. म्हणून गुरूची अट आहे: पहिलं माणूस मी स्वतः आणायचं, आणि तेही घरचं. ती म्हणते, परक्याची रेघ वाकडी झाली तर तो एकदाच भांडून जातो. घरच्याला रोज तोंड दाखवावं लागतं, म्हणून हात जपून चालतो. महिनाअखेरपर्यंत माणूस मिळालं नाही तर माझी जागा दुसऱ्याला द्यायची आहे. म्हणजे मी पुन्हा भिंतीसमोर.

तुझ्या चिरंजीवांना त्यांच्या मैत्रिणीचं नाव हवंय. पण मैत्रीण दर सहामाहीत बदलते, म्हणून गुरूने साफ नकार दिला. भावजयीला विचारलं. ती म्हणाली, तुमच्याशी संसार केल्याच्या खुणा तोंडावर दिसतात तेवढ्या पुरे. असो. मला काही कुणाची गरज आहे असं नाही. सहज लिहिलं. भावोजींना नमस्कार, आणि गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. – तुझा डावा हात तसा रिकामाच असतो ना?

ता. क. दुसरा – मनगटाच्या आतली बाजू. नखाएवढं काहीतरी. बाही ओढली की भावोजींना दिसणारही नाही. तूच मला पाटीवर हात धरून गिरवायला शिकवलंस, म्हणून विचारलं.

(इथून पुढचं अक्षर माझं, म्हणजे तुमच्या भावजयीचं.)

वन्सं, हात देऊ नका. तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे यांच्या लक्षात कुठलं यायला. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. मी वाचलं, आणि दुपारी दुकानात जाऊन खुर्चीत बसले. हे इतके घाबरले की हातमोजे उलटे घालायला लागले. काय काढू म्हणाले. मी म्हटलं, बेडूक-बिडूक नको, मनगटापासून एक रेघ काढा, तुमची नेहमीची. टोकाला नाव कुणाचं लिहू, विचारलं. मी म्हटलं, गाळा. ज्याला येतं त्याला येतं.

रेघ सरळ आली आहे. यांच्या गुरूने ती दोनदा पाहिली आणि आता जागा तुमचीच म्हणून यांची स्वतःची वेगळी सुई यांच्या हातात दिली. रडले हे, मी नाही. घरी येऊन म्हणाले, ते पत्र आता फाडून टाक. मी टाकतेय पोस्टात. नाहीतर तुम्हाला कसं कळणार की आज आंघोळ करताना यांनी कितीतरी वर्षांनी शीळ घातली. सूर अजून तसाच बेसूर आहे.