खांदा पावणेचौदा

अणदूर, ता. तुळजापूर
गुरुवार, १९ डिसेंबर २०२४

चि. शिवरंजनीस अप्पाचे आशीर्वाद.

इकडं थंडी बेताचीच आहे. आपल्या देवळातले देव दरसालप्रमाणे दोन महिन्यांसाठी नळदुर्गच्या देवळात गेलेत, त्यामुळं दुकानापुढची वर्दळ कमी आणि हाताला वेळ आहे. माझी तब्येत ठीक. साखर उपाशीपोटी एकशे अडतीस. तू पुण्यात वेळेवर जेवत असशील असं धरून चालतो.

या वर्षात माझ्या हातानं काय काय झालं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल. जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर कॉइल गुंडाळायचं यंत्र केलं, फेरे मोजणारा काटासुद्धा घरचाच. तुळजापूरच्या एका लॉजला खोल्यांचा फलक करून दिला. खोली भरली की तांबडा दिवा, रिकामी झाली की हिरवा. अजून एकदाही चुकलेला नाही. महांतप्पाकाकांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये ऊन वाढलं की आपोआप सुरू होणारे पंखे बसवले. एक सागवानी स्टँड केला, कोन बरोब्बर बासष्ट अंश. एक कीबोर्ड, त्याच्या प्रत्येक बटणावरचं मराठी अक्षर सुईनं कोरून रंग भरलाय, एकही अक्षर पुसट नाही. हे सगळं दहावी नापास माणसानं, कुणाच्या हाताखाली न शिकता. आणि एक टॅबलेट.

त्या टॅबलेटबद्दलच लिहायचंय.

तू चार वेळा मेसेज केलास. चारही जपून ठेवलेत, तारखेसकट. पहिल्यात लिहिलंस, "अव्वाचा टॅब पाठवा." चौथ्यात, "मला तिचा आवाज ऐकायचाय. एवढंच द्या, नाहीतर फोन करू नका." मी कधी पार्सलवाला येत नाही म्हणालो, कधी चार्जर सापडत नाही म्हणालो. माझ्या दुकानात चार्जर सापडत नाही यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. तूही ठेवला नसशील.

तो टॅबलेट तू पहिल्या पगारातून आईला, तुझ्या अव्वाला, आणलास तेव्हाच मी म्हणालो होतो की हे खेळणं आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीत त्यावरून आपलं वाजलं. मी म्हणत होतो, टॅबलेटमध्ये ताकद आहे पण वरची सिस्टीम पोरांच्या खेळाची. दोन खिडक्या धड शेजारी उघडत नाहीत, फाइल कुठं ठेवली ते सांगत नाही, फोल्डर नाही की काही नाही. त्यात डेस्कटॉपची खरी ऑपरेटिंग सिस्टीम घातली तरच त्यावर काम होईल. तू म्हणालीस, "अप्पा, अव्वाला दोन खिडक्या कशाला? तिला दोन डोळे आहेत."

"डोळे असून काय करते? बोट फिरवते नुसती."

"बोट फिरवूनच काम होतंय तिचं. तुम्ही बघायला कधी आत आलात?"

अव्वा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुमी भांडा बापलेक. भाकरी लागली तर हाक मारा." आपण तिघंही हसलो. तिला त्यातलं काही विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आता तुझं नाव यात ओढत नाही. माझ्या डोक्यात आलं नाही.

दुकान आणि तिचं शिलाई मशीन यांच्यामध्ये प्लायवूडचा पडदा आहे, सहा मिलिमीटरचा. दुपारी तीनच्या सुमाराला पलीकडून तिचं बोलणं यायचं. सोल्डरिंग करताना मी ओरडायचो, "कुणाशी बोलतीस गं एवढं?" ती म्हणायची, "मापाशी." मला वाटायचं थट्टा करते.

थांबतो. गिऱ्हाईक आलंय.

शुक्रवार, दुपार

काल गिऱ्हाईक आलं नव्हतं. पुढं लिहवेना म्हणून तसं लिहिलं.

या पाडव्याला अव्वाला काहीतरी नवं द्यायचं म्हणून तिचा टॅबलेट मी आठ दिवस आधी गुपचूप काढून घेतला. चार्जिंगचा पॉइंट सैल झालाय, दुरुस्त करतो, असं तिला सांगितलं. पॉइंट चांगला होता. मला त्यात डेस्कटॉपची सिस्टीम बसवायची होती, आणि तुलाही दाखवायचं होतं, हेही लिहून टाकतो.

अशा टॅबलेटचं मूळ कुलूप उघडलं की तो आतलं सगळं स्वतःच पुसतो. गुपचूप पुसत नाही, आधी विचारतो. म्हणून, येईल त्याला "आधी कॉपी काढ" म्हणून झाडणाऱ्या मी आधी आत पाहिलं. दस्तऐवजांचा फोल्डर उघडला, रिकामा. डाउनलोड रिकामा. फोटो एकवीस, त्यातले चार तुझे आणि बाकीचे चुकून बोट लागलेले. तेवढे पेनड्राइव्हवर घेतले. कंपनीकडं आपोआप कॉपी जाते ती सोय तर मीच पहिल्या दिवशी बंद केली होती, घरातलं बाहेर कशाला म्हणून. चार वर्षांत एक फाइल केली नाही बाईनं, असं मनात म्हणालो. हसलोसुद्धा.

पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना आली. ती मी वाचली. मी सगळ्या सूचना वाचतो. मग होय दाबलं.

नवी सिस्टीम बसली, पण आवाजाचा ड्रायव्हर काही बसेना. सहा दिवस त्यातच गेले. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर टॅबलेट स्टँडवर ठेवून, पुढं कीबोर्ड लावून अव्वाला हाक मारली. माइक चालतो का बघायचं राहिलं होतं. म्हणालो, "बोल यात काहीतरी." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काय बोलू?" रेकॉर्ड झालं. स्वच्छ आवाज, मागं खरखर नाही. मी दोनदा ऐकलं आणि पुसून टाकलं. टेस्टची फाइल ठेवायची नाही ही माझी पंचवीस वर्षांची सवय आहे.

मग तिनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "माझं ते पिवळं कुठंय?"

"कसलं पिवळं? आता हे बघ, इथं खिडकी उघडते. ह्या बाजूला दुसरी. हे फोल्डर."

"त्यात बोलून ठेवलेलं होतं थोडं."

"आता लिहून ठेव की. एवढा कीबोर्ड केलाय तुझ्यासाठी."

तिनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "बरं. लई चांगलं झालंय." टॅबलेट पुसला, जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळला आणि कपाटात ठेवला. परत काढला नाही. मला राग आला होता, शिवरंजनी. आठ दिवसांची मेहनत, आणि बाई हात लावत नाही.

त्यानंतर ती रोज जेवण झालं की बाहेर पडायला लागली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणाली. तिच्या पिशवीत टेप आणि दोनशे पानी वही असायची हे मी पाहिलं होतं, पण शिवणारीच्या पिशवीत टेप असणारच. एप्रिलचं ऊन, मग मेचं. मी गल्लीत सांगायचो, बघा, आमची शिवकन्या माझ्याआधी साखर खाली आणणार. सत्तावीस मेला पुजाऱ्यांच्या घरून परत आली, पाणी मागितलं, आणि पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी तसंच लिहिलंय. उन्हानं गेली असं कुणी म्हणालं नाही, डॉक्टरही नाही. मी म्हणतो, आणि आजपर्यंत मनातच म्हणत होतो.

मला कळलं ते महिनाभरानं. पलीकडच्या आळीतल्या सिद्धम्मा काकू ब्लाउजचं कापड घेऊन दारात आल्या. मला म्हणाल्या, "मल्लेश, तेवढं माझं माप काढून दे रे त्या पाटीतनं. सोलापुरात नातसुनेकडं शिवाया टाकते."

"कसलं माप, काकू?"

"आरं, शिवकन्या बोलून ठेवायची न्हवं का. एकेकीचं नाव घेऊन. माझं पोक धरून माप घेतलंय तिनं, दुसऱ्या कुणाला जमत न्हाय. वरनं बोटानं चित्र बी काढायची, कुठं सैल, कुठं आवळ."

"मग उन्हाळ्यात परत घ्यायला आली होती का?"

"म्हणली, काकू, जुनं गेलं, नव्यानं घेते. माझी पाळी यायची हुती. कसं गेलं ते सांगितलं न्हाय बघ."

सव्वातीनशे बायकांची मापं होती. फाइल म्हणून कुठंच नव्हती. त्या पिवळ्या ॲपच्या पोटात होती, तिच्या आवाजात. मी फोल्डर शोधत होतो. काम असेल तर ते फोल्डरमध्येच असणार, हे माझ्या डोक्यात एवढं पक्कं होतं की चार वर्षं ते सहा मिलिमीटर पलीकडं चाललेलं मला ऐकू येऊनही कळलं नाही. आणि एकही साल न सुटता दर सालचं तुझं माप त्यात होतं, शाळेच्या ड्रेसपासूनचं जुन्या वहीतलंसुद्धा तिनं त्यात वाचून ठेवलं होतं, हे तुला माहीत होतं. म्हणून तर तू मागत होतीस. कुलूप उघडण्याआधी तुला एक फोन केला असता तर तू सांगितलं असतंस. तुला दाखवायचं होतं, म्हणून केला नाही.

परत मिळेल का, असं तू विचारशील. नाही. मी महिनाभर सगळे उपाय केले, पुण्याच्या दोन प्रयोगशाळांशीही बोललो. या टॅबलेटमध्ये आतलं सगळं किल्लीनं बंद असतं, आणि पुसताना पहिल्यांदा किल्लीच जाते. तुला आशा लावून ठेवत नाही.

दुपारी तीनला मी आता सोल्डरिंग करत नाही. पंखा बंद ठेवतो. प्लायवूडपलीकडून बोलणं येतं. वेड लागलंय असं समजू नकोस, तिथं कुणी नाही हे मला माहीत आहे, मी दरवेळी उठून बघून आलोय. एवढ्या वर्षांत जे कानावर पडत होतं आणि मी घेत नव्हतो, त्यातलं एकच कुठंतरी अडकून राहिलंय. "खांदा पावणेचौदा." पुढं बाही नाही, मुंडा नाही, नाव नाही. कुणाचा खांदा ते माहीत नाही. गल्लीतून बायका जातात तर मी त्यांच्या खांद्यांकडं बघतो, आणि मग लाज वाटून खाली बघतो.

टॅबलेट या पत्रासोबत पाठवतोय. पत्र मी त्यावरच लिहिलं, मग दुकानातल्या प्रिंटरवर काढलं. मराठी उत्तम उमटतं, दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडतात, कुठं अडकत नाही. त्याच्या दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये ही एकच फाइल आहे. माझं यंत्राबद्दलचं मत बदललं असं मी खोटं लिहिणार नाही. पण तिच्या हातात ते आधीपासूनच पुरं होतं, आणि ते मी तिला आधी विचारायला हवं होतं.

वहीही पाठवतोय. एकसष्ट नावं झालीत. अक्षर तिचंच, आकडे मोठे, चित्रं पेन्सिलीची. पहिल्या पानावर तुझं नाव आहे आणि पुढं सगळ्या ओळी मोकळ्या सोडल्यात. मेच्या शेवटी तू येणार होतीस.

आता एक शेवटचं. महांतप्पाकाका तुला फोन करून सांगणारच आहेत की अप्पाचं डोकं फिरलंय, म्हणून माझ्याकडूनच कळू दे. गेल्या सोमवारी सोलापूरचे रणधीर म्हणून एक जण आले होते. बंद पडलेल्या कुठल्याशा क्लासचे टॅबलेट त्यांनी लॉटमध्ये घेतलेत. त्यांना ते स्वस्तातले कॉम्प्युटर म्हणून विकायचेत, आणि लॉजवाल्याकडून माझं नाव कळलं. अव्वाचा टॅबलेट चालवून बघितला. म्हणाले, "मालक, अगदी हेच पाहिजे. असं काम जिल्ह्यात कुणाचं नाही." हे वाक्य ऐकायला मी पंचवीस वर्षं थांबलो होतो.

त्यांनी नमुन्याला आणलेला एक मी चालू केला. पडद्यावर कुणाचं तरी नाव होतं, प्रेम, आणि खाली बोटानं काढलेली सायकल. मी विचारलं, "ज्यांचे त्यांना विचारलंय का, आत काय आहे?" ते हसले. "आत काय असायचंय? व्हिडिओ अन् गेम." मी म्हणालो, आधी एकेकाला गाठून विचारा, मग आणा. ते म्हणाले, एवढा वेळ कुणाला आहे, तुम्ही नुसतं होय दाबायचं. त्यांनी दोन महिन्यांचं काम, माल त्यांचा, पन्नास टक्के आगाऊ, असं कागदावर लिहून आणलं होतं. मी तो कागद पूर्ण वाचला आणि सही न करता त्यांना परत दिला. एकशे नव्वद टॅबलेट, नगाला अडीच हजार. चार लाख पंचाहत्तर हजार रुपये.

तुझ्या अव्वाचं सगळं पुसलेला,
अप्पा